दोन डाव्या बाह्या

वहिनींच्या हातचा केक गावातल्या निम्म्या लोकांनी खाल्लेला होता, आणि उरलेल्या निम्म्यांवर तो खायची पाळी अजून यायची होती. तो विकत मिळत नसे. तो मिळवायला आधी वहिनींच्या नवऱ्याची बोलणी खावी लागत.

नवरा शिंपी. तोंडावर सगळे त्याला मास्टर म्हणत आणि पाठ वळली की 'इस्त्री'. तापायला एक क्षण पुरे, आणि एकदा तापला की समोर रेशीम आहे की गोणपाट, याचा विचार नाही. हात मात्र सोन्याचा. त्याने शिवलेल्या कोटात पोक आलेला माणूससुद्धा ताठ दिसे. म्हणून लोक चार शब्द ऐकून घेत, जाताना दार आपटत, आणि पुढच्या कोटाला पुन्हा त्याच दारात येत.

परत का येत, याचं मास्टरकडे उत्तर तयार होतं. "मी तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ," तो जेवताना म्हणे. "लोकांना कळतं ते. लोक चांगले असतात गं. कुणी मनात ठेवत नाही."

"हो ना," वहिनी म्हणत, आणि ओट्याखालचा पत्र्याचा डबा पायाने आणखी आत सरकवत.

त्या डब्यातच खरी मेख होती. मास्टर कुणावर भडकला की दुसऱ्या दिवशी दुपारी, तो डुलकी काढत असताना, वहिनी डबा घेऊन बाहेर पडत. चहावाल्याला लिंबाचा केक, औषधाच्या दुकानातल्या बाईंना बिनअंड्याचा, वायरमनला कुठलाही चाले, पण तुकडा मोठा लागे. कोण कशाने विरघळतं ते त्यांना तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षं हा उद्योग चालू होता. माणूस उसवला की वहिनी जाऊन कच्चे टाके घालून येत, आणि मास्टर पुढच्या आठवड्यात नेमका तिथेच हिसका देई.

मास्टरचा राग सूर्य मावळायची वाट कधी बघत नसे. दहा मिनिटांत उतरे, आणि मग स्वारी शीळ घालत मशिनवर बसे. ज्याच्यावर तो निघाला त्याचा सूर्य मात्र तीन-तीन दिवस मावळत नसे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पाळकसाहेबसुद्धा यातून सुटले नव्हते. पँटची कंबर एक इंच सैल होईल का, असं त्यांनी वर्षात तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मास्टर भर दुकानात म्हणाला, "साहेब, उपासाचा उपदेश फक्त आम्हालाच का?" त्यांच्याकडे अख्खा केक पोचवावा लागला. त्याने कंबर आणखी अर्धा इंच वाढली, ती गोष्ट वेगळी.

वहिनींना हे वळण सासूबाईंनी लावलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने भरतकाम केलेली एक चौकट स्वयंपाकघरात वरच्या फळीच्या वर टांगली होती. निळ्या दोऱ्यात पवित्र शास्त्रातली शिकवण: मऊ बोलाने राग निवतो. लग्न होऊन आल्यापासून ती वहिनींच्या डोळ्यांसमोर होती. सासूबाईंचा मुलगा जिथे बसून जेवायचा, तिथून ती दिसत नसे. म्हातारी मोठी धोरणी होती.

त्या रविवारी वहिनी चर्चमध्ये नेहमीच्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी नणंद. मास्टर शेवटच्या रांगेत डोळे मिटून. प्रार्थनेत होता की झोपेत, ते देवालाच ठाऊक. पाळकसाहेबांनी एक वचन वाचलं, जे वहिनींनी जन्मात ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल तेव्हा भट्टीत केक करपतोय का या काळजीत असतील. त्याचा मतलब असा होता की तापट माणसाला त्याच्या तापाचा दंड भोगू द्यावा. एकदा त्याला सोडवलंत, की पुन्हा सोडवावं लागेल.

वहिनींना हसू फुटलं. खोकल्याचं सोंग केलं तरी पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. नणंदेने कोपर मारलं.

"काय गं वहिनी?"

"काही नाही वन्सं. घशात काहीतरी गेलं."

नणंद त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. 'वन्सं' हे नुसतं थट्टेचं. अठरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन भावाच्या गावी आली, मागच्या गल्लीत एक खोली घेतली, आणि भावाच्या दुकानात काजं करायला बसली. मशिनने काजं कुणीही पाडतो. ही एकेक काज हाताने विणायची, आणि ते इतकं रेखीव की लोक बटणं उघडी टाकून फिरत. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती आणि 'आई, आता माझ्याकडे ये' म्हणून मागे लागली होती. नणंद जात नव्हती. दादाचं दुकान, आणि रोज चार वाजता वहिनीबरोबर अर्धा कप चहा, यात तिचं बरं चाललं होतं. वहिनींचं तर त्या अर्ध्या कपावाचून पानच हलत नसे.

उपासना संपल्यावर वहिनींनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"साहेब, ते खरंच लिहिलंय? की तुम्ही पदरचं घातलंत?"

"वहिनी, शास्त्रात पदरचं कसं घालू? हे बघा." त्यांनी पान उघडून ओळीवर बोट ठेवलं.

वहिनींनी दोनदा वाचलं. "मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीत?"

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. "केक चांगला असतो हो तुमचा," ते शेवटी म्हणाले.

मंगळवारी दुपारी वहिनी जेवणाचा डबा घेऊन दुकानात पोचल्या, तेव्हा आत तमाशा चालू होता. मास्टर कापायच्या टेबलाशी उभा, हातात मोठी कात्री, आणि दारात वायरमन.

टेबलावर कप्तानांचं कापड होतं. कप्तान म्हणजे गावच्या बँडचे प्रमुख. शनिवारी टाऊन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. दहा वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलेलं दाट जांभळं कापड त्यांनी त्यासाठी बाहेर काढलं होतं. वरून चमक, आतून रखरखीत, आणि कोटाला जेमतेम पुरेल एवढंच. एरवी कापड दुहेरी घालून कापतात, म्हणजे एका कापात डावी आणि उजवी अशी बाह्यांची जोडी आपोआप निघते. इथे उरलेली पट्टी अरुंद होती. बाह्या एकेरीच कापायच्या होत्या: एक कापायची, मग कागदी नमुना पालथा घालून दुसरी. शिंप्याच्या घरातल्या मांजरालाही हे माहीत असतं.

"मास्टर, दोष इस्त्रीत नाही, तुमच्या प्लगमध्ये आहे," वायरमन म्हणत होता.

"मला शिकवतोस? तीस वर्षं इस्त्री फिरवतोय मी! तुला वायर जोडता येत नाही म्हणून प्लग वाईट?" आणि प्रत्येक वाक्याला कात्री कचाकच चालत होती. "नाचता येईना, अंगण वाकडं! जा, तुझ्यासारखे पन्नास मिळतील!"

गावात वायरमन एकच होता. तो हत्यारं उचलून गेला. मास्टरने बाह्या बाजूला सारल्या, घाम पुसला, आणि शीळ घालायला ओठांचा चंबू केला.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून नणंद उठली. तिने दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या, चमक वर करून, आणि बराच वेळ नुसतं बघितलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "दोन्ही डाव्याच आहेत."

मास्टरने बघितलं. वहिनींनीही दारातून बघितलं. दोन्ही बाह्या एकाच बाजूला वळत होत्या, बरोबर चालणाऱ्या दोन माणसांसारख्या.

इथे मास्टरने कपाळावर हात मारला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण इस्त्री अजून गरम होती.

"नमुना कुणी दिला मला? तू दिलास! उलटा दिलास! डोळे गेलेत तुझे, काजं तरी दिसतात का?" नणंद काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तो आणखी चढला. "सासरी कुणी विचारलं नाही म्हणून इथे बसवून घेतलं तुला, आणि माझ्याच धंद्याचं वाटोळं करतेस!"

मशिनवरचं रीळ गडगडत खाली गेलं. कुणी उचललं नाही.

नणंदेने सुई उशीत खोचली. बोटातली धातूची टोपी काढून स्टुलावर उपडी ठेवली. पिशवी घेतली आणि वहिनींच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता, बाहेर पडली.

दहा मिनिटांनी मास्टर म्हणाला, "येईल उद्या. ती काही मनात ठेवत नाही."

वहिनी घरी आल्या आणि हात आपोआप कामाला लागले. पीठ चाळलं, अंडी फेटली; नणंदेला बदामाचा केक आवडायचा, बदाम कापले. केक झाला, डब्यात गेला, डब्याला झाकण लागलं, वहिनींनी चपला घातल्या. आणि उंबऱ्यात त्यांना ते बोट दिसलं, पाळकसाहेबांचं, ओळीवर ठेवलेलं.

आज मी जाईन, त्यांनी विचार केला. वन्सं माझ्यासाठी परत येईल. आणि पुढच्या महिन्यात हा तिला याहून वाईट बोलेल, कारण याहून वाईट आता फार थोडं उरलंय.

त्यांनी चपला काढल्या, डबा उघडला आणि ओट्याशी उभ्याउभ्या दोन तुकडे खाल्ले. सव्वीस वर्षांत स्वतःच्या हातचा केक त्यांनी पहिल्यांदा गरम खाल्ला. चांगला होता. पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते.

बुधवारपासून मास्टरच्या भोवतालचं जग बिघडायला लागलं. वायरमन आला नाही, त्यामुळे इस्त्री थंडच राहिली. सोमवारी ज्याच्या चहाला मास्टर 'गटाराचं पाणी' म्हणाला होता, त्या चहावाल्याने खरोखरच तसा चहा पाठवला. ज्याला 'लंगडं घोडं' म्हटलं होतं, त्या पेपरवाल्याने पेपर असा नेमका फेकला की तो दारासमोरच्या एकुलत्या एका डबक्यात पडला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मास्टरला रांगेत उभं केलं, रांगेत दुसरं कुणी नसताना.

"लोकांना झालंय तरी काय?" मास्टरने ओला पेपर दोन बोटांत धरून विचारलं.

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. "हवा बदलली असेल."

खरं सांगायचं तर वहिनींना मजा येत होती. इतकी, की त्यांना थोडी लाजही वाटली. दुपारी डबा घेऊन वणवण नाही, कुणाच्या उंबऱ्यात मान खाली घालणं नाही. त्या पाय पसरून बसायच्या आणि खिडकीतून मास्टरला थंड चहा ओतून देताना बघायच्या.

फक्त चार वाजले की मजा संपायची. अर्धाच कप प्यायची सवय होती. पूर्ण कप संपत नव्हता.

गुरुवारी सकाळी औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बातमी दिली. नणंद खोली सोडत होती. शुक्रवारी दुपारी बाराच्या बसने ती लेकीकडे चालली होती, कायमची. "आणि म्हणत होती," बाईंनी आवाज खाली केला, "दादाचं सोडा हो, तो तसाच. पण वहिनीसुद्धा आली नाही."

हे मात्र वहिनींच्या जिव्हारी लागलं. त्या तशाच मागच्या गल्लीपर्यंत गेल्या. नणंदेच्या खोलीचं दार उघडं होतं, दोरीवरचे कपडे उतरवलेले दिसत होते. वीस पावलं उरली होती. आत जाऊन म्हणायचं होतं, अगं, मी त्याच्या बाजूची नाही. वहिनी कोपऱ्यावर उभ्या राहून रडल्या, आणि मग परत फिरल्या. आपण वचन पाळतोय की वेड्यासारखा हट्ट करतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

दुपारी मास्टर तणतणत घरी आला. चहावाल्याशी भांडायला गेला होता आणि भलतंच ऐकून आला होता.

"तो म्हणतो, दर वेळी वहिनी यायच्या, या वेळी आल्या नाहीत! काय प्रकार आहे हा? तू माझ्या पाठीमागे गावभर माफी मागत फिरतेस?"

"फिरत होते," वहिनी मऊ आवाजात म्हणाल्या. "आता बंद केलं."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"तसं नाही. फिरत कधीपासून होतीस?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून. मंडपवाल्याला तुम्ही गाढव म्हणालात ना, तेव्हापासून."

मास्टर खुर्चीत बसला. सव्वीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्याचं काही मनात ठेवलं नव्हतं, ते सगळे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून जाताना वहिनींना दिसले. प्रत्येकाच्या हातात केकचा तुकडा होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग नुसता म्हातारा.

"बरं," तो म्हणाला. "मग आता एकदाच जा. ताईकडे. ती उद्या चाललीय म्हणे. शेवटचं."

वहिनींना वाटलं, उठावं आणि जावं. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदा सोडवलं की पुन्हा सोडवावं लागतं. मी नाही म्हणत, शास्त्रात लिहून ठेवलंय. तुम्ही शेवटच्या रांगेत झोपला होतात."

मास्टरने चाचरत विचारलं, "तू... जाऊन म्हणतेस काय, गं?"

"चूक झाली म्हणते."

"आणि पुढे?"

"पुढे गप्प बसते."

"एवढंच?"

"करून बघा. 'चूक झाली' सोपं असतं हो. त्याच्यापाठोपाठ तोंडात 'पण' येतो. तो गिळता आला पाहिजे."

मास्टर आधी कप्तानांकडे गेला, कारण बहिणीला तोंड दाखवायची त्याची छाती होईना. तासाभराने परतला तो पडेल चेहऱ्याने.

"तो ओरडतो गं," तो पाणी पिऊन म्हणाला. "केवढा ओरडतो! मी आपला सांगतोय, चूक झाली, चूक झाली, आणि तो ऐकायलाच तयार नाही. माणसाने असं ओरडावं?"

"नाही ना," वहिनी म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

"म्हणाला, कापड तू नासलंस, आता तूच वापर. कोट पुरा कर, दोन्ही डाव्या बाह्यांसकट. आणि शनिवारी तो अंगात घालून पहिल्या रांगेत बस. कुणी विचारलं तर खरं सांगायचं." त्याने आशेने वर पाहिलं. "तू जाऊन जरा समजावलंस तर—"

वहिनी डाळ निवडत होत्या. त्या डाळच निवडत राहिल्या.

शुक्रवारी साडेअकराला मास्टर दुकानाला कुलूप लावून बस स्थानकाकडे निघाला. वहिनी मागोमाग, तीस पावलं सोडून. स्थानकावर पेपरच्या टपरीआड त्यांनी जागा धरली. पेपरवाल्याने काही न विचारता एक मोठा पेपर त्यांच्या हातात दिला, आणि स्वतःही एक उघडून शेजारी उभा राहिला.

मास्टरच्या अंगात तो कोट होता. कप्तान पोटाने दांडगे, मास्टर काठीसारखा. कोटात तो दोन फेऱ्या मारू शकला असता. डावी बाही ठीक होती. उजवी कोपराशी उलटीकडे वळत होती, त्यामुळे त्याचा उजवा हात सारखा पाठीमागे जाऊ बघत होता, आणि तो त्याला दर चार पावलांनी पुढे ओढून आणत होता. बाकावर बसलेली माणसं सरकून जागा देत होती.

नणंद ट्रंकेवर बसली होती. तिने वर पाहिलं. आधी चेहरा नाही, आधी कोट पाहिला, धंद्याची सवय. बाह्यांवरून नजर खाली आली आणि बटणांवर थांबली.

"ही काजं कुणी केली?" तिने विचारलं.

"मी."

"उंदराने कुरतडल्यासारखी झालीत."

"हो." मास्टरने हात पुन्हा पुढे ओढला. "दोन्ही बाह्या डाव्या आहेत. मीच कापल्या. नमुना मीच पालथा घातला नाही. तुझं काही नव्हतं त्यात. आणि सासरचं जे बोललो, ते..." तो थांबला. "चूक झाली ताई. प—"

टपरीआड वहिनींनी पेपर घट्ट धरला. त्यांना तो शब्द दिसला. मास्टरच्या ओठांशी आला होता, सव्वीस वर्षांच्या सवयीने. पण मी थकलो होतो. पण त्या वायरमनने डोकं फिरवलं. पण तू तरी तेव्हाच कशाला बोललीस. मास्टरने तोंड मिटलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. आणि मग तो तसाच उभा राहिला, गप्प, त्या जांभळ्या झोळीत, सगळ्या बस स्थानकासमोर.

नणंद त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात त्याचा उजवा हात पुन्हा पाठीमागे गेला, आणि तिला हसू आवरेना. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"लागलं रे मला ते, दादा," ती शेवटी म्हणाली. "फार लागलं."

मास्टरने मान हलवली. अजून गप्प.

बस आली. वहिनींना वाटलं, आता ती ट्रंक परत घराकडे वळेल. पण नणंद उठली आणि ट्रंक बसमध्ये चढवायला लावली. "पंधरा दिवस जाते. मग बघते," ती म्हणाली. मास्टरने एकही हरकत घेतली नाही. ट्रंक चढवताना उजवी बाही खांद्यात टरकन उसवली.

तेव्हा वहिनी पेपर टाकून धावल्या. खिडकीशी पोचून त्यांनी गज धरला.

"तू का नाही आलीस?" नणंदेने विचारलं. "तीन दिवस मी दार उघडं ठेवलं होतं."

"मी आले असते तर तो कशाला आला असता?"

नणंदेने ते मनात फिरवून पाहिलं. मग मास्टरकडे पाहिलं, जो खांद्याची उसवलेली शिवण चाचपत होता.

"वहिनी," ती म्हणाली, "हे तुला सव्वीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?"

बस सुटली. तिचं म्हणणं खरं होतं, हे वहिनींना पटलं. दंड थोडा त्यांच्याही वाट्याचा होता.

शनिवारी मास्टर पहिल्या रांगेत बसला. कप्तान जुन्या कोटात होते आणि छडी फिरवताना दर वेळी त्याच्याकडे वळून बघत होते. मध्यंतरात अकरा जणांनी बाहीबद्दल विचारलं, आणि अकरा जणांना मास्टरने सांगितलं, "मी कापली. रागात." बारावे पाळकसाहेब होते. त्यांनी विचारलं नाही, नुसता खांदा थोपटला, आणि संधी साधून पँटची कंबर तेवढी सैल होईल का, असं म्हणाले. मास्टर तापला, थांबला आणि म्हणाला, "सोमवारी आणून द्या."

पुढच्या आठवड्यात लेकीच्या घरून नणंदेचा फोन आला. येत्या मंगळवारी येते, काजं दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, आणि तो कोट टाकून द्यायचा नाही. कापायच्या टेबलासमोर खिळ्याला टांगायचा. मास्टरने निमूटपणे खिळा ठोकला.

आता माणूस एका कोटाने संत होतो, असं म्हणाल तर नाही. कार्यक्रमानंतरच्याच सोमवारी वायरमन आला, प्लग बदलला, इस्त्री गरम झाली, आणि वायरमन नको ते बोलला: "मी म्हटलं नव्हतं?" अकरा वाजता मास्टरचा आवाज थेट घरापर्यंत ऐकू आला. सव्वाअकराला स्वारी स्वतःच घरात आली, मान खाली घालून, आणि ओट्यापाशी जाऊन वाकली.

"तो डबा कुठे असतो गं?"

वहिनींनी डबा काढून दिला. मास्टरने झाकण उघडलं. आत बघितलं, डबा हलवला, पुन्हा आत बघितलं.

"यात केक नाही."

"पीठ वरच्या फळीवर आहे," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या आईच्या चौकटीखाली." आणि त्या अर्धा कप चहा घेऊन पेपर वाचायला बसल्या.